पाच वर्षं, चोवीस लाख आणि गाईडच्या टेबलावरची रांग

ऑपरेशन्स रिसर्चमध्ये पीएच.डी. करायची म्हटली की घरून पहिला प्रश्न पैशांचा येतो. आधी तोच हिशेब मांडू. गणितीय विज्ञान विषयात नेट-जेआरएफ मिळालेल्या विद्यार्थ्याला जानेवारी २०२३पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ झाल्यावर ४२,००० रुपये फेलोशिप आहे. पाच वर्षांचे झाले २४ लाख, घरभाडे भत्ता वेगळा. २०१८मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रिसर्च फेलोशिपचे दर ७०,००० ते ८०,००० रुपये. त्या हिशेबाने पाच वर्षांचे ४५ लाख. एकाच तोडीचं काम करणाऱ्या दोघांमध्ये २१ लाखांचं अंतर पडतं, ते मला पटत नाही.

तरीही माझ्या मते पीएच.डी.चं गणित पैशांपेक्षा वेळेवर बिघडतं. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा. फेलोशिप मात्र पाचच वर्षं.

काही वेळ विषयच मागतो. जॉर्ज डँट्झिग यांनी रेषीय नियोजनाचे प्रश्न सोडवणारी सिम्प्लेक्स पद्धत १९४७मध्ये मांडली. ती काही उदाहरणांत भलतीच लांबते, हे क्ली आणि मिंटी यांनी १९७२मध्ये दाखवलं: चलांची संख्या ५० असेल, तर पायऱ्या २ चा ५०वा घात, म्हणजे अकरा कोटी कोटींच्या वर. १९७९मध्ये खाचियान यांनी या अडचणीवर सैद्धांतिक तोड काढली, पण ती व्यवहारात संथ होती. व्यवहारातही चालणारी पद्धत १९८४मध्ये दिली ती आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी. असल्या प्रश्नांवर घालवलेलं वर्ष वाया जात नाही.

वाया जातो तो मसुदा परत येण्याची वाट पाहण्यातला वेळ. त्याचं, म्हणजे रांगेचं गणित याच विषयात आहे. एर्लांग यांनी १९०९मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कॉल्सवरून त्याची सुरुवात केली. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. समजा, एक गाईड महिन्याला सरासरी दहा मसुदे वाचू शकतात: प्रकरणं, शोधनिबंध, प्रगती अहवाल. मसुदे अनियमित येतात, प्रत्येकाला लागणारा वेळही वेगळा. रांगेच्या सर्वांत साध्या सूत्राने, महिन्याला सरासरी आठ मसुदे आले तर एक परत मिळायला सरासरी अर्धा महिना लागतो. नऊ आले तर एक महिना. साडेनऊ आले तर दोन महिने! काम वाढलं जेमतेम १९ टक्के, वाट पाहणं झालं चौपट. गाईड तेवढेच कष्टाळू, विद्यार्थीही तसाच. म्हणून प्रवेश घेताना गाईडचं नाव किती मोठं यापेक्षा त्यांच्याकडे सध्या किती जण आहेत आणि मसुदा किती दिवसांत परत येतो, हे तिथल्या सीनियर्सना आधी विचारावं.

शेवटचा टप्पा तर विद्यार्थ्याच्या हातात मुळीच नसतो. प्रबंध सादर झाला की जेआरएफ-एसआरएफचे पैसे थांबतात. परीक्षकांचे अहवाल आणि व्हायवा धरून निकाल सहा महिन्यांत लावावा, असं नियम सांगतो. म्हणजे सगळं वेळेत झालं तरी सहा महिने बिनपगारी जाऊ शकतात. ४२,००० च्या दराने ही रक्कम होते २ लाख ५२ हजार. फेलोशिप व्हायवाच्या दिवसापर्यंत चालू ठेवली, तर उशिराचा खर्च विद्यार्थ्याच्या घरावर न पडता व्यवस्थेवर पडेल आणि अहवाल वेळेत मागवण्याची घाई तिलाही वाटेल.