पडद्यावरची धुळवड

हिंदी चित्रपटातली होळी बहुतेक वेळा ब्रज आणि अवधची असते. कृष्णाची छेडछाड, राधेचा लटका राग, पिचकारी, भांग, ढोलकाचा ठेका हे सारे तिथल्या ‘होरी’ गायनातून पडद्यावर आले. लखनौचा नवाब वाजिद अली शाह यानेही होरीच्या ठुमऱ्या रचल्या होत्या. त्याच लखनौत वाढलेल्या नौशाद यांनी ‘मदर इंडिया’च्या (१९५७) होळीगीताला चाल दिली, शकील बदायुनींनी ते लिहिले आणि शमशाद बेगम यांनी गायले. दिग्दर्शक मेहबूब खान. कन्हैयाला साद घालणारे हे गाणे अशा मंडळींनी घडवले आणि ते आजही दर होळीला ऐकू येते.

रंगीत चित्रपट आल्यावर होळी हा दिग्दर्शकांचा हक्काचा प्रसंग झाला. व्ही. शांताराम यांनी ‘नवरंग’मध्ये (१९५९) त्याचा पुरेपूर फायदा घेतला. सी. रामचंद्र यांच्या चालीवर, आशा भोसले आणि महेंद्र कपूर यांच्या आवाजांत, एकटी संध्या कधी गवळण तर कधी तिला छेडणारा पुरुष होऊन नाचते. डोक्यामागे बांधलेल्या मुखवट्यामुळे नुसती पाठ वळवली की पात्र बदलते. जोडीला नाचणारा हत्तीही आहे. इतकी खटपट करूनही हे गाणे मुळात नृत्यकौशल्याचेच दर्शन राहते. कथा त्यामुळे फारशी पुढे सरकत नाही.

पुढच्या पटकथाकारांना होळीचा खरा उपयोग सापडला तो तिच्या मोकळिकीत. एरवी जे बोलता येत नाही आणि ज्याला हात लावता येत नाही, त्याला या दिवशी मुभा असते. ‘कटी पतंग’मध्ये (१९७१) विधवा म्हणून वावरणाऱ्या आशा पारेखला राजेश खन्ना रंगात ओढू पाहतो. राहुलदेव बर्मन यांनी किशोरकुमारला उसळता आनंद दिला आणि लताबाईंना त्याच गाण्यात दुखरा, खालचा सूर. एकाच गाण्यात दोन मनःस्थिती इतक्या सहज क्वचितच नांदल्या असतील. ‘शोले’त (१९७५) विधवा राधा रंगांपासून दूरच राहते, आणि रामगढ रंगात बुडालेले असतानाच गब्बरची टोळी चाल करून येते. त्या चकमकीत ठाकूर समोर पडलेली बंदूक उचलत नाही. ती का, हे कळते तेव्हा कथेचा मर्मबिंदू उघड होतो.

या मोकळिकीचा सर्वांत धाडसी वापर मात्र ‘सिलसिला’तला (१९८१). ‘रंग बरसे’चे शब्द हरिवंशराय बच्चन यांच्या नावावर आहेत; वळण थेट लोकगीताचे. प्रत्येक अंतऱ्यात एकच रचना फिरून येते: उपभोग प्रियकराचा आणि नवरा नुसता बघत राहतो. भांगेच्या नशेत अमिताभ हे रेखाला उद्देशून स्वतःच्या आवाजात गातो, तेही संजीवकुमार आणि जया यांच्यादेखत. थट्टेच्या आवरणाखाली चाललेली ही कबुली दोघांच्याही लक्षात येते. शिव-हरी, म्हणजे शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया, यांचा जोडीने संगीत दिलेला हा पहिलाच हिंदी चित्रपट. अभिजात संगीतातल्या या दोघांनी इथे गाण्याचा गावरानपणा मुळीच घासूनपुसून काढला नाही. दिग्दर्शक यश चोप्रा यांनी पुढे ‘डर’मध्ये (१९९३) तीच मुभा भीतीसाठी वापरली: रंगाने माखलेला चेहरा घेऊन माथेफिरू प्रियकर गर्दीत बिनदिक्कत शिरतो.

त्यांच्याच ‘मशाल’मधल्या (१९८४) होळीला मराठी नाते आहे. चित्रपट वसंत कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’वर बेतलेला, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. ‘सिलसिला’च्या सावलीत हे गाणे अकारण मागे पडले.

‘बागबान’ने (२००३) अवधी परंपरेतली रघुवीराची होरी पुन्हा अमिताभच्याच गळ्यातून ऐकवली, पण आता संसारात मुरलेल्या नवराबायकोसाठी. दहा वर्षांनी ‘ये जवानी है दीवानी’तल्या ‘बलम पिचकारी’त (२०१३) संकट नाही, चोरटी कबुलीही नाही; पुस्तकांत बुडालेली नैना मित्रांसोबत मनसोक्त नाचते, एवढेच. शाल्मली खोलगडे आणि विशाल ददलानी यांचे हे गाणे कथेतून बाहेर काढले तरी काही अडत नाही, आणि सोसायट्यांच्या आवारात ध्वनिवर्धकावर वाजायला तसेच गाणे सोयीचे पडते.