विश्लेषण : पेण-रोह्यासारख्या शहरांत उच्च रक्तदाब इतका का?

डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे रक्तदाब ठीक, असा अनेकांचा समज असतो. पण हा विकार बहुधा कोणतेच लक्षण दाखवत नाही. काहींना तो कळतो, तो थेट पक्षाघाताचा झटका आल्यावरच.

प्रमाण किती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ वर्षांवरील शहरी पुरुषांपैकी २६.६ टक्के आणि शहरी स्त्रियांपैकी २३.६ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी औषध सुरू होते. ग्रामीण भागात हेच प्रमाण अनुक्रमे २२.७ व २०.२ टक्के होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडिअ‍ॅब’ अभ्यासात (२०२३) २० वर्षांवरील शहरी लोकांमध्ये ते ४०.७ टक्के आढळले. दोन्हींचे वयोगट वेगळे असले, तरी शहरी प्रमाण जास्त हा निष्कर्ष सारखाच. शहर म्हणजे केवळ मुंबई-पुणे नव्हे. पेण, रोहा ही नगरपरिषदेची गावेही शहरी भागातच मोडतात.

मिठाचा संबंध काय?

सोडियममुळे शरीरात पाणी साठते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांवर दाब येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ खावे. भाजी-आमटीतले मीठ आपल्याला जाणवते. लोणचे, खारवलेली मासळी, फरसाण, वडापाव यांतले हिशेबात येत नाही. पेणचे पापड प्रसिद्ध, पण कोणत्याही पापडात मीठ आणि पापडखार असतो. सोडियम दोन्हींत आहे.

कामाच्या वेळांचा काय परिणाम?

एरवी रात्रीच्या झोपेत रक्तदाब उतरतो. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारे, गणेशोत्सवाआधी पेणच्या कारखान्यांत जागून मूर्ती रंगवणारे, पहाटेच्या गाडीने पनवेल-मुंबई गाठणारे, या सगळ्यांचीच झोप तुटते. त्यात बैठे काम, दारापर्यंत रिक्षा किंवा दुचाकी, वाढते पोट, तंबाखू, मद्य आणि ताण यांची भर पडते. आनुवंशिकता आणि वय आपल्या हाती नाही; बाकीचे बरेचसे आहे.

गोळी बंद केली तर?

सर्वात मोठी चूक इथेच होते. मोजणी ‘नॉर्मल’ आली, की अनेक जण परस्पर गोळी थांबवतात. पण रक्तदाब आटोक्यात असतो तो गोळीमुळेच. ती थांबली, की तो पुन्हा चढतो आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांना धोका निर्माण होतो. बदल करायचा, तो डॉक्टरांना विचारूनच.

काय करावे?

तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा. सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी मोफत होते. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू टाळावा. १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा वेगवेगळ्या दिवशी आला, तर उपचार लांबवू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील अंदाजानुसार जगातील ४६ टक्के बाधितांना आपल्याला हा विकार आहे, याचीच कल्पना नव्हती. त्यांच्यात आपण नाही, हे दोन मिनिटांच्या मोजणीनेच कळू शकते.