ड्रम सँडर : रुंदी नंतर, उष्णता आधी

शिसवीच्या फळीवर रंधा मारणं ही सुताराच्या संयमाची परीक्षा असते. या लाकडातले तंतू एका बाजूला झुकून वाढत नाहीत. एका थरात ते डावीकडे कलतात, पुढच्या थरात उजवीकडे. त्यामुळे फळी कशीही फिरवून घेतली तरी कुठे ना कुठे रेषा उलटी लागतेच. पातं तंतूंखाली शिरतं, चीर पात्याच्याही पुढे पळते आणि पृष्ठभागाचा टवका उडतो. जाडी उतरवणाऱ्या थिकनेसर यंत्राला नवी कोरी पाती लावली तरी हे पूर्ण टळत नाही. अशा लाकडासाठी मग ड्रम सँडरचा विचार सुरू होतो.

यंत्र दिसायला साधं. आडवा फिरणारा दंडगोल, त्याभोवती तिरकी गुंडाळलेली पॉलिश पेपरची पट्टी आणि खाली फळी पुढे नेणारा सरकता पट्टा. चाक फिरवून ड्रम आणि पट्ट्यातलं अंतर कमी-जास्त करायचं. खरेदीला गेलेला माणूस विचारतो, फळी किती रुंद जाईल? विक्रेता सांगतो, मोटर किती हॉर्सपॉवरची आहे. प्रश्नही रास्त, उत्तरही रास्त. पण यंत्र पुढे कसं वागेल हे ठरतं उष्णतेवर, आणि तिच्याबद्दल दुकानात सहसा कुणी बोलत नाही.

एक हिशोब करून बघू. ड्रम ५ इंच व्यासाचा, म्हणजे १२७ मिलिमीटरचा आहे आणि फळीच्या एका फेरीत तो ०.२ मिलिमीटर लाकूड काढतो असं धरा. भूमितीप्रमाणे ड्रम आणि लाकूड एकमेकांना भिडतात तो कमानीचा भाग जेमतेम ५ मिलिमीटर लांब भरतो. ड्रमचा घेर ४०० मिलिमीटर. मिनिटाला १,४४० फेरे असतील तर कागदावरचा प्रत्येक खडा सेकंदाला २४ वेळा त्याच अरुंद पट्टीत घुसतो. शिवाय रंध्याच्या पात्याला धार असते आणि तिचा कोन कापण्यासाठीच दिलेला असतो. कागदावरच्या खड्याचा पुढचा पैलू बहुधा मागे कललेला असतो. तो थोडं कापतो, बरंचसं खरवडतो आणि उरलेल्या वेळी नुसताच घासतो. मोटरची शक्ती या घासण्यात उष्णता होऊन जाते. लाकूड उष्णतेचं मंद वाहक असल्याने ती आत पसरत नाही, पृष्ठभागावरच साचते.

पुढचं दुष्टचक्र कारखान्यात सगळ्यांच्या परिचयाचं आहे. लाकडातला चीक वितळून खड्यांच्या मधल्या जागेत बसतो, तिथला कागद ‘भरतो’. भरलेला भाग कापायचं सोडून नुसता घासतो, आणखी तापतो आणि फळीवर टोकापासून टोकापर्यंत एक सरळ काळपट रेघ उमटते. सागाच्या बाबतीत तर गंमतच आहे. त्यातल्या सिलिकाने थिकनेसरची पाती लवकर बोथट होतात, म्हणून माणूस सँडरकडे वळतो. तिथे त्याच सागातला तेलकट अंश कागद भरून टाकतो. आलापल्लीचा साग म्हणून कौतुकाने आणलेली फळी यातून सुटत नाही.

मोठ्या कारखान्यांतल्या वाइड बेल्ट सँडरला हा त्रास कमी होतो, कारण त्याचा पट्टा लांबलचक असतो आणि खड्यांना दोन घासण्यांमध्ये निवायला वेळ मिळतो. ड्रमवर ही सवलत नाही. म्हणून ड्रम सँडर घेताना मी आधी बघेन तो फळी सरकण्याचा वेग बदलता येतो का हे. मग कागद किती चटकन बदलता येतो ते. वरचा कागद विरळ खड्यांचा घ्यावा आणि तो साफ करायला रबराची वडी जवळ ठेवावी. जाडी उतरवण्याचं काम थिकनेसरचं. सँडरकडून एका फेरीत मिलिमीटरभराची अपेक्षा ठेवली की यंत्राला नावं ठेवायची वेळ येते. पी-८० कागदाचे खडे सरासरी २०० मायक्रॉनचे, पी-१२० चे १२५ आणि पी-२२० चे ६८. मधली पायरी गाळली की आधीचे ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिश चढल्यावर डोळ्यांत भरतात.

आता रुंदी. एका बाजूने उघड्या ड्रमची यंत्रं लोकप्रिय आहेत. १६ इंची ड्रमवर फळी फिरवून दोनदा घातली की ३२ इंचांचं काम निघतं. पण असा ड्रम भिंतीत एकाच टोकाने बसवलेल्या फळीसारखा असतो. टोकावर भार आला की लवण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी दुप्पट झाली तर लवण आठपट. म्हणून यात हॉर्सपॉवरपेक्षा ड्रम पेलणाऱ्या हाताचं जाडजूड ओतकाम महत्त्वाचं.

विजेचा एक मुद्दा परदेशी यंत्राच्या मोहात निसटतो. अमेरिकी मोटर ६० हर्ट्झची, आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता नाही. मोटर सहाऐवजी पाच हिश्श्यांच्या वेगाने फिरते आणि वर तापते. पाटीवर ५० हर्ट्झ लिहिलेलं नसेल तर ते यंत्र स्वस्तात मिळालं तरी महागच.

उरला भुसा, आणि तो उरतोच. ४० सेंटिमीटर रुंद सागाची फळी ०.२ मिलिमीटरने उतरत मिनिटाला ३ मीटर सरकली, तर मिनिटाला २४० घनसेंटिमीटर, म्हणजे साधारण १५० ग्रॅम लाकडाची पूड होते. इंग्लंडच्या हाय विकम भागातल्या फर्निचर कामगारांमध्ये नाकाचा एक दुर्मीळ कर्करोग वारंवार दिसतो हे १९६० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम आहे, तीही आठ तासांच्या सरासरीने. आपल्या १५० ग्रॅमपैकी हजारातला एकच भाग हवेत सुटला, तरी ५ बाय ६ मीटरच्या, ३ मीटर उंचीच्या बंद खोलीत सव्वा मिनिटात हवेतलं प्रमाण तिथवर पोचतं. तेव्हा भुसा ओढणाऱ्या यंत्राचा खर्च सँडरच्या किमतीतच धरावा, आणि सँडरचं भुसा बाहेर पडण्याचं तोंड किमान ४ इंची असावं. साध्या कापडी पिशवीतून बारीक धूळ परत खोलीतच येते. गाळणी चांगली हवी. शिवाय तोंडावर मास्क हवाच.

पैसे देण्याआधी एक चाचणी दुकानातच करून घ्यावी. एकाच जाडीच्या दोन अरुंद पट्ट्या ड्रमच्या दोन टोकांखालून एकाच वेळी काढायच्या आणि व्हर्नियरने मोजायच्या. फरक साध्या लिहिण्याच्या कागदाच्या जाडीपेक्षा जास्त निघाला, तर ड्रम पट्ट्याला समांतर करण्याची सोय यंत्रात कुठे आहे ते विचारायचं, आणि ती समोर करून दाखवायला सांगायचं.