माल मोकळा, माणूस परका

मुंबई-हावडा लोहमार्गावरील बडनेरा स्थानकात पूर्वेकडून येणाऱ्या गाड्यांचे बिनआरक्षित डबे रिकामे असे कधी नसतातच. बिहार, झारखंड, छत्तीसगडकडील मजुरांनी ते आधीच भरलेले असतात. त्या दाटीत भातकुली-दर्यापूरकडचा आयटीआय झालेला एखादा तरुण पाठीवरची पिशवी सावरीत कसाबसा पाय ठेवतो. दोघेही भिवंडीच्या गोदामात किंवा नवी मुंबईच्या बांधकामावर काम शोधावयास निघालेले. इगतपुरीचा घाट उतरेपर्यंत दोघे एकाच बाकाचे वाटेकरी असतात. घाट उतरल्यावर मात्र राजकारणाच्या परिभाषेत एक 'भूमिपुत्र' होतो आणि दुसरा 'परप्रांतीय'. वऱ्हाडातील तरुणाने या वर्गीकरणावर समाधान मानावे काय, हा प्रश्न आता टाळण्यासारखा राहिलेला नाही.

या मार्गाचा इतिहास मोठा बोलका आहे. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या, आणि १८६५ मध्ये भुसावळहून निघालेला लोहमार्ग बडनेऱ्यास पोचला. माणसापेक्षा कापूस आधी प्रवासास निघाला, असेच म्हणावे लागेल. पाठोपाठ मारवाडातून व गुजरातेतून व्यापारी आले, त्यांनी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने काढले, वाडे बांधले. वऱ्हाडाने त्यांना अधिवासाचा दाखला विचारला नाही. भांडवल घेऊन येणारा मनुष्य कोणत्याच प्रदेशात फार काळ परका राहत नाही; परकेपण चिकटते ते केवळ हातपाय घेऊन येणाऱ्यास.

कापसाच्या बाबतीत आजही दिल्लीचे धोरण साता समुद्रांपलीकडे पाहूनच ठरते. महाराष्ट्रात १९७२ पासून सुमारे तीन दशके एकाधिकार खरेदी योजना चालली. तिच्यात ढिलाई होती, तोटा होता, चुकारे रखडत होते; पण भावाला काही एक आधार होता. २००२ मध्ये खासगी व्यापारास वाट मोकळी झाली आणि शेतकरी जागतिक बाजाराच्या हाती गेला. २०२१ मध्ये आयात कापसावर ११ टक्के शुल्क बसविण्यात आले, तेव्हा थोडे हायसे वाटले होते. परंतु २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लादले आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेस भारत सरकारने कापसावरील शुल्क उठविले. प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. नवा कापूस वेचून घरात येतो ते नेमके हेच महिने! सूतगिरण्या व तयार कपड्यांचे निर्यातदार यांची अडचण खरी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र तिची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याने का मोजावी, याचे उत्तर कोणी दिले नाही. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसास क्विंटलला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसास ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला होता खरा. पण ओलावा १२ टक्क्यांवर गेला की सीसीआयच्या केंद्रावरून गाडी परत फिरते, आणि परत फिरलेल्या गाडीचा भाव व्यापारी ठरवितो. पावसाळा लांबला तर ओलाव्यास शेतकऱ्याने काय करावे?

अशा घरातील मुलगा बडनेऱ्याच्या फलाटावर येतो. तो हौसेने स्थलांतर करीत नाही. आयातशुल्काच्या एका अधिसूचनेने त्यास घराबाहेर काढलेले असते. बिहारच्या तरुणाची कहाणी तपशिलात निराळी, मथितार्थाने तीच. म्हणून 'परप्रांतीयांमुळे आमचा रोजगार गेला' हे वाक्य वऱ्हाडात उच्चारले जाते तेव्हा ते उसने वाटते. मुंबईत १९६६ साली शिवसेना स्थापन झाली तेव्हा रोख दाक्षिणात्य कारकुनांवर होता. २००८ मध्ये रेल्वेभरतीच्या परीक्षेस आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली. भरतीच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांत येत नाहीत, ही त्या वेळची तक्रार रास्तच होती. पण रास्त तक्रार रेल्वे मंडळाच्या दारात मांडावयाची असते. परीक्षार्थींच्या पाठीवर नव्हे.

राखीव टक्केवारीचा उपायही दिसतो तेवढा सोपा नाही. महाराष्ट्रात ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना देण्याचे धोरण १९६८ पासून शासननिर्णयांच्या रूपाने नांदत आले आहे, आणि त्याचा प्रभाव किती, हे कोणत्याही औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर सकाळी उभे राहिल्यास कळते. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा राखणारा कायदाच केला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो रद्द ठरविला. कर्नाटकाचे विधेयक जुलै २०२४ मध्ये काही दिवसांतच बासनात गेले. आणि समजा, असा कायदा टिकला, तर उद्या हैदराबाद, सुरत, बंगळूर याच न्यायाने वऱ्हाडी अभियंत्यास परत पाठवू लागतील. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेने एच-१बी परवान्याच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावले तेव्हा पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात केवढा संताप उसळला! तोच वर्ग दादरच्या फलाटावर उतरणाऱ्या मजुराविषयी मात्र अमेरिकेच्या अध्यक्षांच्याच भाषेत बोलतो.

स्थानिक मजुराच्या तक्रारीत तथ्य नाही असे मात्र नव्हे. ठेकेदार बाहेरचा माणूस पसंत करतो, हे खरे. कारण मात्र त्याच्या कथित कष्टाळूपणात नाही. गावातला मजूर मजुरीवरून वाद घालतो, संध्याकाळी घरी जातो, दुसऱ्या दिवशी येत नाही. बाहेरच्याला संध्याकाळी जाण्यास घर नसते. तो पत्र्याच्या खोपटात राहतो, उचल घेतलेली असते, भाषा येत नाही. त्याची ही असहायताच ठेकेदार विकत घेतो आणि तिच्या बळावर गाववाल्याची मजुरी पाडतो. यावर १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता: ठेकेदारास परवाना, स्थानिकाइतके वेतन, विस्थापन भत्ता. तो फारसा अमलात आला नाही, हे २०२० च्या टाळेबंदीत विदर्भातल्या महामार्गावरून पायी चाललेल्या तांड्यांनी दाखवून दिले. त्यांची नोंदच कोठे नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. तीत विस्थापन भत्ता उरलेला नाही. भूमिपुत्रांच्या कैवाऱ्यांपैकी किती जणांनी या बदलाची दखल घेतली?

या गोंधळात आणखी एक प्रश्न मिसळला गेला आहे. २०२५ च्या आरंभी उशिरा नोंदविलेल्या जन्मदाखल्यांवरून मालेगावप्रमाणे अमरावती-अकोला जिल्ह्यांतही वादळ उठले. बांगलादेशी घुसखोरांना दाखले दिले गेल्याचा आरोप झाला आणि शासनाने असे दाखले देणे थांबविले. सीमेवरून बेकायदा आलेल्या परकीयास शोधणे हा राज्यसंस्थेचा अधिकार आहे, कर्तव्यही आहे. खोटा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यास शिक्षा व्हावी. परंतु ते काम एकेक प्रकरण तपासून, पुरावा पाहून करावयाचे. ज्यांची बाळंतपणे घरी झाली, ज्यांच्या आईबापांनी ग्रामपंचायतीत नोंद केली नाही, अशी हजारो माणसे मेळघाटापासून झोपडपट्टीपर्यंत याच मातीतली आहेत. दाखला नाही म्हणून घुसखोर, आणि बोली निराळी म्हणून परप्रांतीय, अशी समीकरणे रूढ झाली की परदेशी नागरिक व स्वदेशी गरीब यांतील भेदच पुसला जातो.

स्थलांतर रोखावयाचे तर ते निघण्याच्या स्थानकावर. महाराष्ट्राने एकेकाळी हे ओळखले होते. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना विस्तारली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला. मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा दुष्काळी गावात बांधबंदिस्तीवर खर्च व्हावा, ही कल्पना स्थलांतराच्या प्रश्नावर कोणत्याही मोर्चापेक्षा अधिक परिणामकारक होती. विदर्भाच्या अनुशेषाचे मोजमाप दांडेकर समितीने १९८४ मध्ये मांडले, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली तेव्हा नागपुरात वा मुंबईत फारशी खळबळ उडाली नाही. सिंचनाच्या अनुशेषावर जेवढे बोलले जाते त्याच्या निम्मेही दाल मिल, सरकी तेल, सूत, विणकाम यांवर बोलले जात नाही. वऱ्हाडातून अजून गठाणच बाहेर जाते आणि कापड होऊन परत येते.

अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे सुमारे हजार एकरांवरील 'पीएम मित्र' वस्त्रोद्यानाची कोनशिला सप्टेंबर २०२४ मध्ये बसविण्यात आली. तेथे कारखाने उभे राहतील तेव्हा शिवणकामाला ओडिशा-बिहारचे कामगार येतील आणि 'स्थानिकांना डावलले' अशी ओरडही होईल. त्यापूर्वीच दोन गोष्टी मागून घ्याव्यात: जिल्ह्यातील आयटीआयमध्ये सूतकताई, विणकाम व शिवणयंत्रांचे अभ्यासक्रम आजच सुरू करावेत, आणि उद्यानात येणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराची कामगारनोंदवही व वेतनपत्रक जिल्हा कामगार कार्यालयात लोकांना पाहण्यास खुले ठेवावे.