चौघांसाठी शिजत नाही

अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात गेलेला माणूस पद्मपाणीपुढे थांबतो, वज्रपाणीपुढे थांबतो आणि बाहेर पडतो. मान वर करून छत बघणारे थोडेच. तिथे टोकदार टोपी घातलेला, दाढीवाला, अंगापिंडाने भरलेला एक परदेशी पाहुणा ऐसपैस बसला आहे. हातात पेला, शेजारी बाई, भोवती सुरई घेऊन उभे असलेले सेवक. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसनला तो इराणचा बादशहा खुसरो वाटला होता. आज तसं कुणी मानत नाही, पण बैठकीचा थाट पाहता गडी खाण्यापिण्यातला जाणकार होता एवढं नक्की. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटकांच्या काळात, भिक्खूंच्या विहारात कुणाला तरी हे चितारावंसं वाटलं. या जिल्ह्यातल्या मेजवानीचं याहून जुनं चित्र माझ्या पाहण्यात नाही.

लेण्यांच्या पायथ्याशी फर्दापूर आहे. घाट चढलं की अजिंठा गाव. खानदेशातून, बुऱ्हाणपूरकडून दख्खनच्या पठारावर येणारी जुनी वाट हीच. दोन्ही गावांत सराया आहेत आणि अजिंठ्याला निजामकाळातली तटबंदीही आहे. लष्कर, व्यापारी, फकीर, खजिन्याचे उंट, सगळे इथून गेले. वाटेवरच्या माणसासाठी चूल पेटवून बसलेलं कुणी नसतं. त्याला भटियारा लागतो आणि भट्टी लागते. सिल्लोड, फुलंब्री मागे टाकत शंभरेक किलोमीटर पुढे आलात की ज्या शहरात पोचता, ते शहरही अशाच वाटसरूंनी भरलेलं होतं. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, 1653 मध्ये औरंगजेबाने तिचं औरंगाबाद केलं, 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. या तिन्ही नावांखाली जुन्या शहरात एक पदार्थ शिजत आला, नान-खलिया. मांसाचा पातळ, लालभडक, मसालेदार रस्सा आणि भट्टीतली जाड, मऊ, पिवळसर रोटी.

शहरात येणाऱ्या पाहुण्याला याची ओळख 'इथली खासियत' म्हणून करून दिली जाते. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दरवर्षी रमजानात त्यावर लेख येतात आणि त्यात महंमद तुघलकाची गोष्ट असतेच. 1327 च्या सुमारास त्याने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली. एवढ्या मोठ्या जमावाला झटपट खाऊ घालायचं म्हणून जमिनीत भट्ट्या खणल्या, मोठाल्या देगी चढवल्या आणि नान-खलिया जन्मला. दुसरी गोष्ट मोगल छावणीची, तपशील तोच. लष्कराचा खाना ही कल्पना मला पटते. तारखेवर मात्र माझा विश्वास नाही. खलियाचा जीव त्याच्या तांबड्या तर्रीत आहे आणि मिरची या देशात आली ती पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात. तुघलकाच्या शिपायांनी जे काही खाल्लं असेल, ते आजच्या खलियासारखं दिसतही नसणार. आज मात्र सिल्लोड, शिवना, अजिंठा हा सगळा पट्टा मिरचीचा आहे, हंगामात बाजारात हिरव्या मिरचीचे ढीग लागतात. दिल्लीचा म्हणून मिरवणारा हा पदार्थ मुळात मराठवाड्याच्या तिखटावर उभा आहे, ही गोष्ट पुरवण्यांतल्या लेखात का येत नाही कोण जाणे.

दौलताबादच्या त्या राजधानीबद्दल एक विश्वासार्ह साक्ष आहे ती मोरोक्कोच्या प्रवाशाची, इब्न बतूताची. तो 1340 च्या दशकात तिथे होता. गाणाऱ्यांचा एक खास बाजार त्याने वर्णिला आहे, 'तरबाबाद' नावाचा. दुकानं सजवलेली, आत गालिचे, मधोमध मोठा घुमट. दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गवयांचा प्रमुख येऊन बसायचा आणि एकेक गायिका येऊन सूर्यास्तापर्यंत गायची, नाचायची. म्हणजे संध्याकाळी घराबाहेर पडायचं, चार माणसांत बसायचं, बघायचं आणि दिसायचं, ही सवय या भागाला हॉटेलं येण्यापूर्वी सहाशे वर्षांची आहे.

आता मुद्द्यावर येतो. नान-खलिया हा पदार्थ चौघांसाठी शिजत नाही. खलिया हौसेने घरी करणारे आहेत, पण जुन्या शहरातला जाणता माणूस त्याला 'सालन' म्हणून सोडून देईल. नान तर घरी होतच नाही. त्याला लागणारी भट्टी एका खोलीएवढी जागा खाते, तिला तापायला वेळ लागतो आणि तापली की ती दहा-वीस नानांसाठी पेटवणं परवडत नाही. देगीचंही तसंच. कल्हई केलेल्या तांब्याच्या देगेत लाकडाच्या जाळावर मांस तासन्‌तास शिजतं. कांदा, आलं-लसूण, सुकं खोबरं, गरम मसाला, तिखट हे प्रमाण बावर्ची किलोच्या हिशेबात बोलतो, चमच्याच्या नाही. वर आलेली तर्री काही जण वेगळी काढून ठेवतात आणि वाढताना वरून सोडतात. बोटभर तर्री नसेल तर ताटावर बसलेला म्हातारा यजमानाकडे ज्या नजरेने बघतो, ती मी पाहिली आहे.

म्हणून या शहरात 'बाहेर जेवणं' हे हॉटेलच्या आधीपासून आहे. ते पदार्थाच्या मापातच आहे. भट्टी मोहल्ल्याची आणि देग समारंभाची, घर फक्त खायला बसतं.

भट्टीवर सकाळी लवकर गेलं तर काम बघायला मिळतं. मैद्याचं पीठ भिजवून, फुगवून, गोळे मांडून ठेवलेले असतात. एक जण थापतो, दुसरा उशीसारख्या गादीवर घेऊन नान भट्टीच्या तापलेल्या भिंतीला आत वाकून चिकटवतो, तिसरा लोखंडी सळईने काढतो. आत वाकणाऱ्याच्या हातावरचे केस केव्हाच जळून गेलेले असतात. बोलणं सगळं दखनीत, आणि फारसं नाहीच, कारण नान क्षणभरात करपतो. लग्नसराईत भट्टीला आधी सांगून ठेवावं लागतं. शेकड्याने नान जातात, गोणपाटात नाहीतर चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन. रोशन गेट, चंपा चौक, शहागंज, जुना बाजार या भागांत सकाळी अशा दोन-चार रिक्षा दिसल्या की कुठेतरी दावत आहे हे पत्ता न विचारता कळतं.

दावत हे नान-खलियाचं खरं घर. लग्न असो, वलीमा असो, चाळिसावा असो, मेन्यूवर चर्चा होत नाही. दस्तरखान अंथरायचं, पंगत बसवायची, नान ठेवायचा, वाडग्यात खलिया ओतायचा, कांदा-लिंबू द्यायचं. खाणारा नानाचे तुकडे रश्श्यात बुडवतो आणि मान वर करत नाही. अर्ध्या तासात पंगत उठते, दुसरी बसते. बिर्याणीसारखे थर लावायचे नाहीत, भाज्या-कोशिंबिरींचे प्रकार नाहीत. हजार माणसांत कुणाला कमी, कुणाला जास्त असं होत नाही, कारण देग एक. लष्करी मूळ इथे दिसतं, तुघलकाच्या गोष्टीपेक्षा स्पष्ट.

माणसांना एकत्र खाऊ घालण्याची या गावाची सवय फक्त लग्नघरांची नाही. खाम नदीकाठची पाणचक्की आज तिकीट काढून बघतात. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी तिथे पीठ दळलं जाई. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणून, उंचावरून सोडून जातं फिरवायचं. बाकी शहराला मलिक अंबरच्या नहरीने पाणी पाजलं. दळण आणि पाणी या दोन्ही गोष्टी सार्वजनिक असलेल्या शहरात भट्टी खाजगी राहिली असती तरच नवल.

हॉटेलात बसून नान-खलिया खाणं हा त्या मानाने नवा प्रकार. त्यासाठी बुढीलेन, सिटी चौक, रोशन गेटकडे जावं लागतं. तिथल्या हॉटेलांत लांब टेबलं असतात. चौघांचं टेबल आपल्या एकट्यासाठी राखून ठेवावं अशी अपेक्षा ठेवू नये. समोर अनोळखी माणूस येऊन बसतो, आपला पाण्याचा ग्लास सरकवून स्वतःची प्लेट ठेवतो, आणि दुसऱ्या घासाला 'कहाँ के?' विचारतो. वाळूजच्या कारखान्यातून पाळी सुटून आलेला कामगार, खटल्याच्या तारखेला आलेला फुलंब्रीचा शेतकरी, विद्यापीठातला विद्यार्थी, बँकेतला कारकून असे एका बाकावर बसतात. वेटर 'तर्री मारूं क्या?' असं विचारतो आणि उत्तराची वाट बघत नाही. बजाजचा कारखाना वाळूजला 1985 मध्ये सुरू झाला, त्यामागून शेंद्र्यापर्यंत पसारा वाढला आणि बाहेरगावच्या एकट्या पुरुषांची मोठी फौज शहरात आली. त्यांच्यासाठी ही हॉटेलं म्हणजे पुन्हा छावणीच.

पुरुषांची, हे मुद्दाम म्हणतो. या टेबलांवर बाई क्वचित दिसते. कुठे मागे पडदा लावलेली 'फॅमिली रूम' असते, बाकी बायकांचा नान-खलिया पार्सलात जातो. दावतीत त्यांचं दस्तरखान वेगळं असतं पण तेवढंच मोठं असतं. हॉटेलने ती बरोबरी काढून घेतली. जुन्या शहराच्या खाद्यसंस्कृतीचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा आपल्या बहिणीला घेऊन दुपारी एक वाजता बुढीलेनमध्ये जागा शोधून बघावी.

तसंच, 'अन्न सगळ्यांना जोडतं' हे वाक्यही इथे जपून वापरावं. बुढीलेनहून गुलमंडी चालत काही मिनिटांवर आहे. सुपारी हनुमानाचं मंदिर, कापडाची दुकानं, मारवाडी-गुजराती पेढ्या, आणि संध्याकाळी इमरती, कचोरी, भेळ, लस्सी यांची गर्दी. गुलमंडीवर उभं राहून इमरती खाणं हाही शहराचा तितकाच जुना शौक. तिथला बहुतेक माणूस जन्मात नान-खलिया खात नाही आणि खाणारही नाही. 1988 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांनी इथल्या मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावरून शहराला संभाजीनगर म्हटलं, त्यानंतरच्या निवडणुका आणि दंगली या दोन गल्ल्यांमधल्या अंतरावरच लढल्या गेल्या. तणावाच्या दिवशी दोन्हीकडची शटरं एकाच वेळी खाली येतात. सामाईक असलंच तर हे आहे.

शिवाय देगेत काय शिजतं हाही प्रश्न आहे. ग्राहक विचारतो, 'छोटे का या बडे का?' छोटे म्हणजे बकरा. बडे म्हणजे मोठं जनावर, स्वस्त, गरिबाच्या खिशातलं. 2015 च्या कायद्याने महाराष्ट्रात गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हशीवर नाही. तेव्हापासून 'बडे' म्हणजे म्हैस, आणि तीही विचारपूस, भीती सांभाळून. त्याच 2015 साली याच शहरातल्या जनशक्ती वाचक चळवळीने शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' काढलं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजायचं, कसं शिजायचं, हे त्यात पहिल्यांदा इतक्या तपशिलाने आलं. ते वाचल्यावर या शहरातल्या खाण्याकडे हिंदू-मुसलमान अशा दोनच रकान्यांत बघता येत नाही. 1950 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात मिलिंद महाविद्यालय काढलं. खेड्यापाड्यातून आलेल्या मुलांनी त्याच्या नागसेनवन परिसरात वसतिगृहाची खोली घेतली. जात न विचारता पोटभर देणारं टेबल त्यांना हवं होतं, आणि गुलमंडीपेक्षा ते शहागंजकडे मिळण्याची शक्यता जास्त होती.

जेवणानंतरची ठिकाणं ठरलेली आहेत. पान खायला उस्मानपुऱ्यात तारा पानवर जायचं. रात्री उशिरापर्यंत तिथे गाड्यांची रांग असते, बायका-मुलं गाडीत, बापे बाहेर. पाच हजारांचं 'कोहिनूर' पान मिळतं म्हणून त्याची बातमी होते. घेणारा बहुधा नवरदेव असतो. आपण साधं मसाला पान घ्यावं. रमजानात ही सगळी गणितं बदलतात. सिटी चौक ते शहागंज पहाटेपर्यंत रस्ता जागा असतो, आणि तेव्हा मात्र बायकाही मोठ्या संख्येने बाहेर असतात, खरेदी करत, खात, गप्पा मारत. गुलमंडीतली कॉलेजची पोरंही घोळक्याने येतात. घरी ती सांगतात की कॅनॉटला गेलो होतो.

सिडकोतलं कॅनॉट हे नव्या शहराचं तरबाबाद. बागेभोवती कॅफे, मोमो, सँडविच, पिझ्झा, आणि त्या प्रत्येकाच्या बाहेर स्कूटरवर बसलेल्या मुली. बुढीलेनमध्ये ज्यांना जागा नव्हती त्यांची जागा इथे आहे, म्हणून मी कॅनॉटला नाकं मुरडत नाही. चव यथातथाच असते. तिथल्या आणि जालना रस्त्यावरच्या काही मोठ्या हॉटेलांच्या कार्डावर आता नान-खलियाही आला आहे, दोन माणसांच्या हंडीत. रस्सा दाट केलेला, वर मलईची रेघ, सोबत गॅसच्या तंदूरमधला बटर नान. बाहेरगावचे पाहुणे फोटो काढतात आणि खूष होतात. त्यांना तिथेच नेणं सोपं, गाडी लावायला जागा मिळते. ज्यांना खरा खायचा आहे त्यांनी बाराच्या आत बुढीलेन गाठावी, कारण देग संपली की संपली, दुसरी त्या दिवशी चढत नाही. आणि घरी पार्सल नेणार असाल तर डबा आपला न्या, पिशवीतून तर्री गळते.