ज्यांची कबर समुद्रात आहे

माझे मरहूम आजोबा दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाजावर आगवाला होते. आगवाला म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकणारा खलाशी. लहानपणी आम्ही विचारायचो, "आजोबा, तुम्ही बंदूक चालवली का?" ते हसून म्हणत, "नाही रे, मी फक्त फावडं चालवलं."

पण धोका सैनिकाइतकाच होता. आगवाल्याची जागा जहाजाच्या तळाशी. पाणबुडीचा टॉर्पेडो लागला तर वर येण्याची संधी त्याला सर्वांत कमी. "हात फावड्यावर आणि कान पत्र्याकडे," असे ते सांगत. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री अटलांटिकमध्ये 'सिटी ऑफ बनारस' बुडाले. त्यातल्या ७७ मुलांना जगाने लक्षात ठेवले. त्याच जहाजावरचे शंभराहून अधिक खलाशीही गेले. त्यांतले बहुतेक आपल्या देशातले होते. त्यांचे नाव मात्र फारसे कुणी घेत नाही.

आजोबा परतले, पण शेजारचे चाचा परतले नाहीत. त्यांच्या घरी आला तो फक्त 'बेपत्ता' असल्याचा कागद. मय्यत नाही, कबर नाही. चाचींनी इद्दतीला तरी कधी बसायचे? त्या वाट पाहत राहिल्या. अखेर जमातीने गायबाना जनाज़ा पढला. आम्हा कोकणी शाफईंमध्ये त्याची मुभा आहे. बुडून मरणाऱ्यालाही शहीदाचा दर्जा असल्याचे हदीसमध्ये आले आहे, हे इमामसाहेबांनी सांगितले तेव्हा चाची प्रथमच मोकळेपणाने रडल्या, असे आजी सांगायची.

मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये अशा खलाशांचे स्मारक आहे. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक जणांची नावे तिथे आहेत. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सुमारे सहा हजार व्यापारी खलाशांची नावे स्मृतिग्रंथात नोंदवली आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवरही ती शोधता येतात.

चाचींची मुलगी आज ऐंशीच्या पुढे आहे. तिला वडिलांचा चेहरा आठवत नाही. गेल्या सुट्टीत तिच्याजवळ बसून मी मोबाइलवर नाव शोधले. त्याच नावाचे तिघे निघाले. त्यांतले चाचा कोणते, काही कळेना. मला वाईट वाटले. खाला थोडा वेळ गप्प राहिली. मग पदर डोक्यावर घेत म्हणाली, "बेटा, तिघांच्याही नावाने फातिहा पढ. बाकीच्या दोघांसाठी कोण पढणार?"

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरातही एखादी जुनी पेटी असेल. तिच्यात डिस्चार्ज बुक, पदक किंवा पिवळे पडलेले पत्र असेल. रद्दीत देण्यापूर्वी ते एकदा उघडून पाहा. जहाजाचे नाव, वडिलांचे नाव, गाव वहीत उतरवून ठेवा. इंग्रजी कारकुनांनी नावे ऐकतील तशी लिहिली आहेत, म्हणून दोन-चार स्पेलिंगने शोधा. सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. या जुम्याला त्यांच्याजवळ दहा मिनिटे बसा.