कुपीवरचा चौकोन

मुलांनो, पोलिओ रविवारी आपल्या शाळेच्या व्हरांड्यात बूथ लागतो. तुमच्यापैकी पुष्कळजण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येतात. नर्सबाई बर्फाच्या डब्यातून लशीची कुपी काढतात आणि डोस पाजण्याआधी ती डोळ्यांजवळ धरून न्याहाळतात. काय पाहतात बरे त्या?

कुपीवरच्या चिठ्ठीवर एक जांभळट वर्तुळ असते. त्याच्या पोटात फिकट चौकोन. चौकोनात एक रसायन असते. त्याचे बारीक कण एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात, आणि त्या बनतील तसतसा चौकोन गडद होत जातो. थंडीत ही क्रिया मुंगीच्या पावलांनी चालते, उकाड्यात झपाझप.

असे का? कोणत्याही पदार्थाचे कण सतत हलत असतात. उष्णता मिळाली की त्यांची धावपळ वाढते, टकरा होतात. पण नुसती टक्कर पुरत नाही, ती पुरेशा जोराची लागते. गंजलेला दरवाजा हळूच लोटला तर उघडतो का? तसेच हे. तापमान थोडे वाढले तरी जोरदार कणांची संख्या पुष्कळच वाढते. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ साली याचे गणित मांडले. ढोबळ ठोकताळा असा, की १० अंश वाढले की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. उन्हाळ्यात विरजण लवकर लागते ना? (तिथे काम जंतू करतात खरे, पण त्यांच्या पोटातही रासायनिक क्रियाच चालतात.)

पोलिओच्या कुपीवरचा चौकोन तर त्याहून हळवा. ५ अंशांला तो ७ महिन्यांहून जास्त टिकतो, ३७ अंशांला मात्र २ दिवसांतच संपतो!

उन्हाने लस कमजोर होते, पण दिसायला तशीच राहते. असा डोस पाजला तर आई निर्धास्त घरी जाईल, आणि बाळाला मात्र संरक्षण नाही. म्हणून चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद. पुन्हा बर्फात ठेवून उपयोग नाही. तो परत फिकट होत नाही. कारखान्यातून निघाल्यापासून सोसलेल्या उष्णतेचा सगळा हिशेब त्याच्यापाशी असतो.

आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात, हावडा जिल्ह्यात सापडला. शेजारच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानात हा रोग अजून आहे, म्हणून डोस चालू आहेत.

पुढच्या पोलिओ रविवारी नर्सबाईंना विचारून चौकोन जरूर पाहा. फक्त डब्याचे झाकण उघडे धरून उभे राहू नका हं, आतला बर्फ वितळतो!